चार बोटांचा पाट

आमच्या ह्यांची उंची पाच फूट दोन इंच. लग्न ठरवताना पाच-चार सांगितली होती. मी पाच-तीन, त्यामुळे मला बोहल्यावरच कळलं. पण तिथे कळून काय उपयोग? अक्षता पडल्या होत्या.

हे सगळं उंचीपासून सुरू करायचं कारण आहे. एका पोरीचा हात गेला, त्याच्या मुळाशी ह्यांची उंची आहे. आणि मी आहे. माझं नाव सुहासिनी. लोक मला काकू म्हणतात आणि फटकळ म्हणतात. फटकळ बाईनं जिथे बोलायचं तिथे तोंड उघडलं नाही, ही ती गोष्ट आहे.

हे म्हणजे दत्तप्रसाद, गिटारवाले सर. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर आमचा ब्लॉक, आणि पुढच्या खोलीत यांची ती पेडल गिटार. तिला गिटार म्हणायचं म्हणून म्हणायचं. दिसायला इस्त्रीच्या टेबलासारखी. चार पाय, वर दहा तारा, खाली पायांनी दाबायचे पेडल, गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या. डाव्या हातात लोखंडी कांडी धरून तारांवर फिरवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून छेडायचं. लष्कर भागातल्या हॉटेलात वाजवणारा एक गोवेकर ऑस्ट्रेलियाला निघाला, तो ऐंशी साली ती यांच्या गळ्यात घालून गेला. पुण्यात ही एकच, असं हे सांगतात. मोजायला कोण गेलंय?

आता गिटारचे पाय त्या गोवेकराच्या उंचीचे. तो ताडमाड. हे स्टुलावर बसले की तारा यांच्या छातीला लागायच्या. मनगटं मागे मोडून वाजवावं लागायचं. महिन्याभरात मनगट धरून बसले. मग माझ्या रुखवतातल्या पितळी फुल्यांच्या शिसवी पाटांची जोडी होती, त्यातला एक मी स्टुलावर ठेवला आणि म्हटलं, बसा. चार बोटं वर आले, कोपर तारांच्या पातळीत आलं, मनगट सरळ झालं. आठ दिवसांत दुखणं पळालं. म्हणजे औषध मीच शोधलं होतं.

पण हे कुणाला सांगायचं नाही. का, तर लोक म्हणतील, बुटका आहे म्हणून पाट घेतो. कार्यक्रमाला स्टुलावर मखमली कापड घालायचे, पाट झाकला जायचा. घरी शिकवणीच्या आधी, बरोबर पावणेपाचला, मी पाट काढून स्वयंपाकघरात दाराआड उभा करायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज. अठरा वर्षं.

मैत्री आमच्याकडे आली अकरा वर्षांची असताना. तिचे वडील सुखदेवराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. कारखान्याच्या स्नेहसंमेलनात ह्यांनी वाजवलेलं त्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या रविवारी पोरीला घेऊन आमच्या दारात उभे राहिले. सात वर्षं ती मांडीवरची साधी गिटार शिकली. तेव्हा काही दुखलं-खुपलं नाही. अठरा पूर्ण झाल्यावर हे म्हणाले, ये आता पेडलवर.

आणि बाई, काय वाजवायला लागली ती! मला सुरातलं फार कळत नाही, पण भाजी निवडता निवडता हात थांबायचा. एक दिवस खालच्या मजल्यावरच्या आनंदीबाई जिन्यात ह्यांना म्हणाल्या, "काल काय वाजवलंत हो दत्तोपंत! इतक्या वर्षांत असा हात लागला नव्हता तुमचा."

काल मैत्री वाजवत होती. हे मंडईत गेले होते.

वर येऊन हे जेवले नाहीत, एवढंच. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

त्यात दिवस कसे आले होते बघा. कीबोर्डवाल्यांनी ह्यांचं काम कधीच खाऊन टाकलं होतं. एक पोरगा एका खोक्यावर बासरीपासून गिटारपर्यंत सगळं वाजवून दाखवायचा. चौकाचौकात कॉम्प्युटरचे क्लास निघाले. शिकवणीची बारा पोरं होती, त्यांची दोन उरली. दोन हजार साल येणार, यंत्रं बंद पडणार म्हणून कंपन्या पोरं भरत सुटल्या होत्या. मैत्रीनंही कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि अठ्ठ्याण्णवच्या जूनला एका कंपनीत लागायचं पत्र तिच्या हातात पडलं. त्याच आठवड्यात संगीत मंडळाचे बापूराव घरी येऊन म्हणाले, "सर, डिसेंबरच्या कार्यक्रमात यंदा मैत्रीचं एकटीचं वादन ठेवू. तुमचीच शिष्या, मान तुमचाच." अठरा वर्षं ते एकट्याचं वादन ह्यांचं होतं.

"उत्तम," हे म्हणाले. ह्यांच्या तोंडून उत्तम आलं की पुढे काय येतं, ते मला विचारा.

मैत्रीचं उजवं मनगट तोवर दुखायला लागलं होतं. साहजिकच होतं. ती ह्यांच्याच उंचीची, आणि तिच्या स्टुलावर पाट नव्हता. आधी दुखलं, मग अंगठ्याला आणि दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. खडकीतल्या डॉक्टरांनी तिला नीट सांगितलं, कोपर तारांच्या पातळीत हवं, मनगट सरळ राहायला हवं, बसायची उंची बघ. मग एका संध्याकाळी ती घरून चादरीची घडी घेऊन आली, स्टुलावर ठेवली आणि बसली.

हे समोर खुर्चीवर होते. म्हणाले, "प्रवासाला निघालात की काय? वळकटी आणलीये म्हणून विचारलं."

"सर, डॉक्टर म्हणाले, थोडं वर बसून—"

"तुमच्या डॉक्टरांनी ही गिटार कधी पाहिलीये? मी अठरा वर्षं ह्याच स्टुलावर बसतोय. मला कधी मनगट धरून बसलेलं पाहिलंत? आणि शिष्यानं गुरूपेक्षा उंच बसायचं नसतं. आमच्यात तरी नसतं. काढा ती."

तिनं चादर काढली. कान लाल झाले होते तिचे. "चुकलं, सर," म्हणाली.

ह्याच स्टुलावर! चोराच्या उलट्या बोंबा. दाराआड पाट उभा होता आणि त्याच्या शेजारी मी उभी होते, हातात लाटणं घेऊन.

ती गेल्यावर मी म्हटलं, "अहो, मनगट कशानं दुखतंय ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे. तुमचा पाट नका देऊ. जोडीतला दुसरा देऊ का तिला?"

हे पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "दुसरा? पूजेचा?"

"हो."

"त्यावर खडकीची ती बसणार. आणि श्रावणात तू त्यावर सत्यनारायण मांडणार. द्या, द्या. आमचं काय."

सुखदेवरावांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. ह्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. स्टेजवर हे दर वर्षी माइक हातात घेऊन सांगायचे की सुराला जात नसते. टाळ्या पडायच्या. मीही वाजवायची.

मी गप्प बसले. नवऱ्याच्या धाकानं नाही हो. धाकात राहणारी बाई मी नव्हे, ह्यांना विचारा. पटलं म्हणून गप्प बसले. डोळ्यांसमोर तो पाट आला, त्यावरचा कलश आला, आणि नकोच ते, असं वाटलं. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी सुखदेवराव स्वतः आले. पायातल्या चपला बाहेर एका रेषेत काढून ठेवल्या. खुर्चीच्या कडेवर बसले.

"सर, पोरीचा हात रात्रंदिवस ठणकतोय. काय करावं?"

"सरळ आहे," हे म्हणाले. "दिवसभर क्लासात कॉम्प्युटरवर टकटक टकटक, पुढे नोकरीतही तेच. त्यानं मनगट जातं. अमेरिकेत सगळ्यांचं जातंय, पेपरात येतं. गिटारनं कधी कुणाचं गेलंय का? दोन्ही डगरींवर हात ठेवून चालत नाही. नोकरी घ्या, नाहीतर गिटार घ्या."

"नोकरी नाकारली तर हात बरा होईल ना, सर?"

"शंभर टक्के."

मी चहा घेऊन दारात उभी होते. सुखदेवरावांनी माझ्याकडे बघितलं. बायका खरं सांगतात असं वाटलं असेल बिचाऱ्यांना. मी म्हटलं, "साखर पुरेशी आहे ना बघा."

मैत्रीनं कंपनीला नकार कळवला. तिच्या क्लासमधल्या पोरी बसनं कंपनीत जायला लागल्या आणि ही रोज दुपारी आमच्याकडे यायला लागली; पाट आता मी जेवणं झाली की काढून ठेवायची. डिसेंबर जवळ येत होता. पूर्वी तासभर वाजवायची, आता चार-चार तास. त्याच स्टुलावर, मनगटं मागे मोडून. हे समोर बसून चुका काढायचे. "मुंग्या आल्या? येऊ द्या. साखर सांडली असेल सुरात." वर असा विनोद. ती हसायची. खरंच हसायची हो, सर बोलतात म्हणून.

दिवाळीत तिच्या बोटातून नखी गळून पडायला लागली. उचलायला वाकायची आणि अंगठा नि बोट जुळायचंच नाही. एकदा मीच उचलून दिली. तिचा हात हातात आला, तेव्हा अंगठ्याखालचा गादीसारखा भाग असतो ना, तो बसला होता. म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. एकवीस वर्षांची पोर.

डिसेंबरात कार्यक्रम झाला. एकट्याचं वादन दत्तप्रसाद सरांचंच झालं. "शिष्येची प्रकृती ठीक नाही, म्हणून नाइलाजानं मी," असं म्हणून मखमली कापडावर बसले. ह्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. मैत्री तिसऱ्या रांगेत बसली होती, हाताला पट्टा बांधून. टाळ्या वाजवता येईनात, म्हणून डाव्या हातानं मांडीवर थापट्या मारत होती.

जानेवारीत हाताचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नस फार दिवस दाबली गेली, आधी यायला हवं होतं. दुखणं जाईल, बोटांतली ताकद येईलच असं नाही. ताकद आली नाही. लिहिता यायचं नाही, बटण लावता यायचं नाही. त्या कंपनीनं पुढे वर्षभरानं पुन्हा बोलावलं, तिथे टाइप करायची चाचणी होती.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी, मार्चमध्ये एका दुपारी बेल वाजली. दारात मैत्री. हे तारा आणायला बाहेर गेले होते. शिकवणी उरलीच नव्हती, त्यामुळे पाट काढायचं कामही उरलं नव्हतं. पाट दिवसभर स्टुलावरच असायचा, वर मखमली कापड.

"नख्या परत द्यायला आले, काकू," ती म्हणाली. डाव्या हातात छोटी डबी होती. "सरांनी दिल्या होत्या."

"ठेव ना तिथे."

ती गिटारजवळ गेली. "एकदा हात लावू?"

नको म्हणायला हवं होतं मी. मी म्हटलं, "लाव की."

ती बसली. हात तारांवर ठेवले आणि तशीच थांबली. मग उजवं मनगट उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं. सरळ होतं. कोपरापासून बोटापर्यंत एका रेषेत. खडकीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तसं.

ती उठली. कापड उचललं. खाली पाट. तिनं डाव्या हाताची बोटं त्याच्या कडेला आडवी लावून मोजलं.

"हा रोज असतो, काकू?"

"हो."

"मी यायचे तेव्हाही?"

"तेव्हा मी काढून ठेवायची."

तिनं 'का' विचारलं नाही. विचारलं असतं तर ह्यांची उंची सांगितली असती, तेवढं सोपं होतं. पण मला वाटतं, तिला दोन्ही कारणं कळली. सांगता येण्यासारखं आणि न सांगण्यासारखं.

"चार बोटं," ती म्हणाली. "चारच बोटं होती, काकू."

मी म्हटलं, "चहा टाकते."

"नको." तिनं डबी पाटावर ठेवली, कापड नीट घडी करून शेजारी ठेवलं आणि गेली. दार ओढून घेताना उजवा हात वापरला नाही. डाव्यानंच ओढलं.

मी जिन्यातले तिचे पाय ऐकले. तिसरा, दुसरा, पहिला मजला. हाक मारावी असं वाटलं, आणि मारली नाही.

मग पाट उचलला. मोरीत नेला, नळ सोडला, वरून पाणी घातलं, चिंचेनं फुल्या घासल्या, उलटा करून उन्हात ठेवला. वाळत ठेवल्यावर भानावर आले. हे अजून घरी आलेच नव्हते. पाट धू, असं मला कुणी सांगितलं नव्हतं.