न वाळलेली हरळी

"वैनी, काडी लावा आता तिला. किती दिस सुकवत बसणार?" बांधावर उकिडवा बसून नानासो म्हणाला.

बनुबाईनं कुदळीचा घाव घातला, ढेकूळ उलटं केलं आणि त्यातून हरळीची पांढरी, गाठीगाठीची मुळी ओढून काढली. "आपल्या घरात दुर्वा जाळत न्हाईत, भावजी. ऊन हाय की जाळायला."

नानासो तिचा धाकटा दीर. हसला आणि उठून गेला.

वडूजच्या अलीकडं ओढ्याकाठचं ते एवढंसं रान. नवरा जोतीराम दोन वर्षं अंथरुणाला खिळला, तेवढ्यात हरळीनं सगळं गिळलं. तो गेल्यावर फौजेतला मुलगा वीरधवल सुट्टीवर आला. म्हणाला, रान नानाकाकाच्या हवाली करू, तू आमच्याबरोबर चल. क्वार्टर मिळालं होतं, सून दीपमालाही बोलवत होती. बनुबाईनं एक उन्हाळा मागून घेतला. मिरगाच्या आत रान साफ झालं तर ती इथंच राहून कसणार. नाही झालं, तर कसायचं नानासोनं, आणि तिनं मुकाट्यानं ट्रंक भरायची.

हरळी खणून, वेचून सगळेच काढत आणि वाळली की पेटवून देत. जोतीरामच्या घरी मात्र गणपतीला वाहायचं ते विस्तवात घालायची चाल नव्हती. बांधालगतच्या खडकावर पसरून ठेवायची, बस्स. खटावचं ऊनच असं, की बघता बघता तिचा भुगा होऊन वाऱ्यावर जाई. बनुबाई या घरात आल्यापासून हेच बघत आली होती.

त्या साली ऊन आलंच नाही.

चैत्रात आभाळ भरलं ते भरलंच. रोज दुपार कलली की ढग गडगडत यायचे. पहिल्या सरीला सारं गाव ओट्यावर येऊन उभं राहिलं. वैशाखात ओढा वाहिला, विहिरींना पाणी चढलं. कुणाच्या कुरडयांना बुरा आला, कुणाच्या कडब्याची गंज काळी पडली. पण तक्रार कुणी केली नाही. टँकरमागं घागरी घेऊन धावलेलं गाव ते, पावसाला नावं ठेवायला जीभ कशी वळणार?

बनुबाईचीही वळली नाही. पहाटे रानात जायची, दिवसभर खणायची. ढग आले की खडकावरची हरळी गोळा करून तिच्यावर पोती टाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. हाताची बोटं मिटेनाशी झाली. निम्मं रान काळंभोर मोकळं झालं, तेव्हा जरा जीव आला.

एका सकाळी पोतं उचललं, तर मुळ्यांना हिरव्या सुया फुटलेल्या. मरायला टाकलेली हरळी पोत्याखाली उबेला बसून जगली होती.

त्या दिवशी तिनं घरून रॉकेलची बाटली आणली. खडकाकडं बघत हात जोडले, जोतीरामला म्हणाली, रागावू नका. ओल्या ढिगाऱ्यानं नुसता धूर केला. जाळ काही धरला नाही.

दुसऱ्या दिवशी ढगफुटीसारखा पाऊस झाला. बांध फुटला आणि खडकावरचा सगळा ढीग वाहून साफ केलेल्या निम्म्या रानात पसरला. हरळीच्या प्रत्येक गाठीला मूळ फुटतं. आठवडा उलटला नाही, तोवर काळ्या रानावर हिरवी साय धरली. वाटेनं जाणारी म्हातारी कौतुकानं म्हणाली, "बनाक्का, यंदा देवानं भरभरून दिलं बघ."

"व्हय," बनुबाई म्हणाली, "लय दिलं."

बाजाराच्या दिवशी वडूजला जाऊन तिनं एसटीडीवरून वीरधवलला फोन लावला. पाऊस लय चांगला झाला, एवढंच तिनं सांगितलं. त्याला आनंद झाला. मग तर रान झालं असंल साफ, म्हणाला. पलीकडं खरखर ऐकू येत होती.

"न्हाई रं," ती म्हणाली. "मला न्ह्यायला ये."

मिरग निघाला त्या सकाळी नानासो ट्रॅक्टर घेऊन आला. तिनं त्याला सगळं दाखवलं. पाणी कुठं तुंबतं, खालचा खडक कुठं वर आलाय, बांध कुठनं फुटला. नानासोची मान खाली होती. बोलला तो एवढंच, की हे तुमचंच हाय, वैनी, मी नुसता राखणदार. फाळ टेकला. हरळीचे तुकडे करत ट्रॅक्टर नांगरटीच्या पहिल्या तासाला लागला.

घराची वाट रानाच्या मधून जायची. लग्न होऊन आल्या दिवसापासून बनुबाई तिथूनच ये-जा करत आलेली. ट्रॅक्टर वळून आला, तरी ती कडेलाच उभी होती. नानासोनं इंजिन बारीक केलं.

"भावजी, मधनं गेले तर चालंल न्हवं?"

"आवं वैनी, हे काय इचारणं झालं?" तो म्हणाला.

तिनं मान हलवली. चपला हातात घेतल्या, लुगड्याचा घोळ वर धरला, आणि आत पाय पडू नये म्हणून जपत जपत लांबच्या बांधानं घराकडं निघाली.