बदाम घातलेला ट्राउट

मंगळवारी सकाळी दहा वाजता सासूबाईंना वृद्धाश्रमात सोडायचं होतं. त्याआधी त्यांची एकच इच्छा होती. लग्नानंतरच्या पहिल्या सहलीत ज्या हॉटेलात नवऱ्याबरोबर बदाम घातलेला ट्राउट मासा खाल्ला, तिथेच तो आणखी एकदा खायचा. हॉटेल जुराच्या डोंगरात, नदीकाठी; खोल्या नऊ. रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघर बंद, सोमवारी साप्ताहिक सुट्टी. उरलं रविवार दुपारचं जेवण.

आम्ही अकराला निघालो. निघालो म्हणजे मेहुण्याच्या घरी सगळ्यांचा निरोप घ्यायला सुरुवात केली. माणसं चौदा, आणि त्या घराण्यात गालाला गाल चार वेळा लावतात. शिवाय प्रत्येकाला महत्त्वाची गोष्ट आठवते ती दारात उभं राहिल्यावरच. माझी बायको सोलांज दोनदा गाडीत बसली आणि दोनदा उतरली, कारण कोणीतरी राहिलं होतं. चाकं हलली तेव्हा बारा वाजत आले होते.

हॉटेलात पोचलो एक वाजून सदतीस मिनिटांनी. मालकीण मॅडम पेराशों यांनी हसून किल्ल्या दिल्या.

"जेवायला आम्ही तिघं," मी म्हणालो.

"स्वयंपाकघर दीडला बंद होतं, साहेब."

"सातच मिनिटं झालीत."

"हो. सात झालीत."

सोलांज पुढे झाली. "मॅडम, आईसाठी एवढं करा. परवा तिला आम्ही..."

"आलं लक्षात. मलाही आई होती. पण आचाऱ्याने एप्रन काढलाय."

एप्रन काढलाय म्हटल्यावर विषय संपला. मी स्वतः एकतीस वर्षं नगरपालिकेच्या खिडकीत बसलो आहे. ठीक बाराला खिडकी खाली ओढताना पलीकडे कसकसले चेहरे पाहिले, ते सांगत नाही. भांडायला तोंड उघडलं, तर आतला आवाज मॅडम पेराशोंच्या बाजूने बोलत होता.

"तू काहीतरी बोल ना," सोलांज कुजबुजली.

"त्यांचं बरोबर आहे."

"बरोबर आहे ते मलाही कळतंय. तू बोल."

मी बोललो. निदान चीज मिळेल का, असं विचारलं. चीज स्वयंपाकघरात होतं.

खोल्यांकडे जाणारा जिना जेवणघरातून होता. आम्ही बॅगा घेऊन निघालो, तर मालकीण, तिचा नवरा आणि बिनएप्रनचा आचारी नुकतेच जेवायला बसले होते. तिघांच्या पुढ्यात तीन ट्राउट, वर लोण्यात परतलेले बदाम. जेवणाऱ्या माणसाजवळून मुकाट्याने जाणं आमच्याकडे असभ्यपणाचं समजतात. सासूबाई थांबल्या. म्हणून आम्हीही थांबलो.

"सावकाश जेवा," त्या म्हणाल्या.

"आभारी आहोत, मॅडम," तिघंही म्हणाले. आचारी तर अर्धवट उठलासुद्धा. मग बसला.

जिना अरुंद होता. मी सासूबाईंचा हात धरला. पाचव्या पायरीवर त्या दम घ्यायला थांबल्या.

"बदाम करपले होते का रे?"

बदाम सोनेरी होते. अगदी नेमके.

"थोडेसे करपले होते, आई."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि पुढची पायरी चढल्या.