एक हात जास्त

तीनदा हाणून पाडलेलं विधेयक चौथ्यांदा सभागृहात आलं, तेव्हा विरोधी बाकावरचे वकीलसाहेब उसळलेच. "अहो, तीनदा पुरलंय याला! हा कायदा नाही, झोम्बी आहे झोम्बी!"

"हा शब्द कामकाजातून काढून टाका," अध्यक्ष म्हणाले.

लघुलेखक बाईंनी निमूटपणे शब्द खोडला. वीस वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. ऐकायचं, लिहायचं आणि सांगितलं की खोडायचं. डोक्याला ताप नाही. काय लिहिलं, ते घरी पोचेपर्यंत त्यांना आठवतही नसे.

"बाजूने कोण?" अध्यक्षांनी विचारलं.

हात वर झाले. सगळे एकदम, एकाच उंचीवर. पापणी कुणाचीच लवली नाही. वकीलसाहेबांचाही हात वर होता, आणि ते त्याच्याकडे परक्याचा असल्यासारखे बघत होते.

कारकुनाने हात मोजले, पुन्हा मोजले आणि पांढराफटक पडला. "साहेब, सदस्य नव्वद... हात एक्क्याण्णव."

'हा आगाऊपणा कुणाचा मेला?' बाई मनातल्या मनात चरफडल्या आणि आकडा लिहून घ्यायला त्यांनी खाली पाहिलं.

पेन वहीवर आडवं पडलं होतं. हात जागेवर नव्हता.