मी आणि ते पांढरे मशीन

मी एक जुनी काचेची नळी आहे आणि मला एका मशीनचा हेवा वाटतो. मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे पुढचे ऐकताना माझा स्वभाव तुमच्या ध्यानात राहील.

कारखान्यात काच तापवून मला लांब आणि अरुंद केले, अंगावर बारीक रेघा आणि आकडे उमटवले. तिथून मी चौसाळ्याला राधाकिशनच्या लॅबमध्ये आले. लॅब म्हणजे हायवेलगतच्या गाळ्यातली एक खोली. तिथे स्टँडमध्ये सरळ उभे राहायचे, हेच माझे काम. माझ्यात रक्त भरतात आणि तासभर कुणी हात लावत नाही. रक्तातला लाल भाग हळूहळू खाली बसतो, वर पिवळसर पाणी राहते. अंगात सूज जास्त असली की रक्त भराभर खाली उतरते. किती उतरले ते माझ्या रेघांवर वाचायचे. आमवाताने ज्यांचे सांधे सुजतात, त्यांना ही तपासणी हमखास सांगतात.

तो तास माझा होता. लोक बाकड्यावर बसून माझ्याकडे टक लावून बघत. धुऊन, वाळवून मला पुन्हा उभी करताना राधाकिशन म्हणायचा, "ही खोटं बोलत न्हाई." मला ते ऐकायला फार आवडायचे.

महानंदाबाई त्याच दिवसांत येऊ लागल्या. त्यांचे मालक शिवलिंगप्पा यांचे किराणा दुकान होते. बाईंच्या दोन्ही हातांची बोटे सुजली होती. घरची रीत अशी, की रोज सकाळी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची. बाई राधाकिशनला म्हणाल्या, "तळहात उघडतच न्हाई रे. लिंग घरंगळतंय. पूजा करावी कशी?"

त्या दिवशी रक्त माझ्या निम्म्या अंगापर्यंत उतरले. आकडा ऐकून शिवलिंगप्पांचा चेहरा पडला. ते दुकानात गेले ते गिऱ्हाईकाशीही बोलले नाहीत, असे बाई पुढच्या खेपेला हसत सांगत होत्या. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी सुरू केली.

पुढच्या दोन खेपांना रक्त थोडेच उतरले. शिवलिंगप्पांनी लॅबमध्ये पेढे वाटले आणि गोळी बंद केली. "आता कावून खायची? नळीनंच सांगितलं, वात गेला म्हून." पेढा मला मिळाला नाही, पण मान मिळाला.

मग ते मशीन आले. पांढरे, बसके, त्याच्यावर स्वच्छ रुमाल. मला फडताळाच्या कडेला सरकवले आणि माझ्या जागेवर ते बसले. राधाकिशन त्याच्याशी हळू हाताने वागायचा, मला मात्र नळाखाली खळाखळा धुवायचा. त्या मशीनला तास लागत नाही. रक्ताचे दोन थेंब दिले की थोड्या वेळात कागद बाहेर. ते सीसीपी नावाची तपासणी करते. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटले की रक्तात काही खुणा तयार होतात, त्या ते शोधते. त्या खुणा भरपूर असल्या की सांध्यातले हाड पोखरले जाण्याचा धोका मोठा, असे डॉक्टर धरतात. अंगात सूज आहे, एवढेच मी सांगते. ती कशाची आणि पुढे काय करील, हे मला कळत नाही. ही गोष्ट मला आजही टोचते.

बाईंची बोटे करंगळीकडे झुकू लागली होती. डॉक्टरीणबाईंनी हाताचा एक्स-रे काढला आणि दोन्ही तपासण्या सांगितल्या. माझ्यात रक्त जेमतेम उतरले. मशीनचा आकडा मात्र फार मोठा आला.

"नवं हाय ते," शिवलिंगप्पा म्हणाले. "त्याला आमच्याकडलं रक्त अजून समजंना. आमचा नळीवर भरवसा."

मित्रांनो, इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मशीन खोटे ठरावे, त्याला उचलून न्यावे, असे मला मनापासून वाटत होते.

तेवढ्यात कळवलेले आकडे बघून डॉक्टरीणबाईंचा फोन आला. राधाकिशनने तो मोठ्या आवाजावर ठेवला. त्या म्हणाल्या, "एक्स-रेत हाडाची कड झिजलेली दिसतेय, मग नळीचा आकडा एवढा कमी कसा? तपासणीच्या आधी त्या काही घेतात का, विचारा जरा."

राधाकिशनने विचारले, "काकू, खरं सांगा. काय खाल्लं?"

बाई पदराचे टोक बोटांना गुंडाळत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "धुळाजीची पुडी. बाजारात देतो तो. रक्त द्यायच्या आदी आठ दिवस घेते. सूज उतरती."

"अगं पण कावून?" शिवलिंगप्पा म्हणाले.

"रिपोर्ट वंगाळ आला की तुमचं तोंड उतरतं. जेवत न्हाई तुमी. मग म्या म्हणलं, तेवढ्यापुरता तर चांगला येऊ द्या."

रस्त्यावरून एक एसटी गेली.

"माझ्या तोंडाचं काय करायचं होतं गं तुला," शिवलिंगप्पा म्हणाले. "तुजा हात गेला ना."

पुडीत सूज दाबणारे औषध होते. सूज दबली, मी ती दबलेली दाखवली. आत हाड झिजतच होते. रक्तातल्या त्या खुणा पुडीने पुसल्या नाहीत, म्हणून मशीनला त्या सापडल्या.

डॉक्टरीणबाईंनी पुडी बंद केली, गोळी परत सुरू केली. सूज खरोखर उतरली, पण वाकडी झालेली बोटे सरळ झाली नाहीत. पूजेच्या वेळी शिवलिंगप्पा बाईंच्या हाताखाली आपला हात धरून बसत, म्हणजे लिंग घरंगळत नसे. हे बाईंनीच राधाकिशनला सांगितले आणि सांगताना त्या लाजल्या. तीन वर्षांनी दुसऱ्याच दुखण्याने त्या गेल्या.

शिवलिंगप्पा अजून येतात. गावातल्या कुणाचे सांधे सुजले की त्याला घेऊन येतात, आधी मशीनकडे बोट दाखवतात आणि बरोबरच्या माणसाला म्हणतात, "पुडी खाल्ली असंल तर सांग बे. वंगाळ आला तर येऊ दे, आपुन बघू." माझ्याकडे ते बघतही नाहीत. मला याचे वाईट वाटते आणि त्या मशीनचा रागही येतो.

तरी मित्रांनो, एवढे ऐका. तपासणीला जाताना जे खाल्ले ते सांगा. आणि घरात कुणी आजारी असले तर वाईट बातमीला त्याच्यासमोर तोंड पाडू नका. नाहीतर ते माणूस तुमच्यासाठी आपले दुखणे लपवील, आणि तुम्ही पेढे वाटत बसाल.