अडखळणारा ठोका

भाऊ लहानपणापासून अडखळत बोलायचा. कानात संथ, एकसारखा ठोका वाजत असला की मात्र त्याचे शब्द मोकळे होत. म्हणून ताईने त्याच्या जुन्या लिनक्स लॅपटॉपसाठी ठोका वाजवणारा छोटा प्रोग्राम लिहिला होता. आता एका शाळेत रसायनशास्त्राच्या शिक्षकाची जागा निघाली होती आणि शुक्रवारी त्याला वर्गापुढे पाठ घेऊन दाखवायचा होता. इअरफोन लावायला मुख्याध्यापिकाबाईंची हरकत नव्हती.

गुरुवारी दुपारी त्याने जेवणाच्या टेबलाशी उभं राहून तालीम केली. लॅपटॉपवर पाठाचं चित्र बदललं की त्याची गाडी अडायची. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर त्याने इअरफोन उपसून काढला.

"ताई, तुझा ठोका म-माझ्यापेक्षा जास्त अडखळतो!"

ताईला हसू आलं. तिने ठोक्यांच्या वेळा तपासल्या. चूक तिचीच होती. प्रत्येक ठोक्यानंतर प्रोग्राम आठशे मिलिसेकंद झोपायचा. जाग यायला जरा उशीर झाला, की पुढचे सगळे ठोके तेवढेच मागे पडत. त्यात मोठं चित्र उघडताना मशीन त्याला खुशाल ताटकळत ठेवायचं.

"उद्यापर्यंत होईल?"

"तू चहा टाक. आणि डोक्यावर उभा राहू नकोस."

'इतका वेळ झोप' काढून तिने 'अमुक क्षणी ऊठ' असं लिहिलं. प्रत्येक क्षण पहिल्या ठोक्यापासून मोजलेला, तोही लॅपटॉपच्या आतल्या, कधीच मागे न जाणाऱ्या घड्याळावर. मग ठोक्यासाठी बाकी सगळ्या प्रोग्रामांच्या आधी पाळी मागितली, तर सिस्टीमने परवानगी नाकारली. सेटिंगच्या फाईलमध्ये ती परवानगी देणाऱ्या दोन ओळी घालून, पुन्हा लॉगिन करून तिने प्रोग्राम चालवला. भावाने भराभर चित्रं बदलली. चूक एका मिलिसेकंदाच्याही आत!

शुक्रवारी ऑफिसात ताईचं लक्ष फोनकडेच होतं. दोन वाजता तो वाजला.

"अगं, एका मुलीने विचारलं, गंज थांबवता येतो का? मी जो सुटलो, तो बाईंनी शेवटी घ-घंटा वाजवली तेव्हा थांबलो."

"अरे, पण निकाल काय?"

"सोमवारी रुजू व्हायचंय."

ताईने जेवणाचा डबा उघडला. कालपासून पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली होती.