डोकं सोडून सगळ्या कामाला

मी हेल्मेट बोलतोय. क्रिकेटचं, समोर लोखंडी जाळी असलेलं. आवाज मातीतून आल्यासारखा वाटत असेल तर काय करू, माझ्या पोटात खरोखरच माती आहे आणि मातीत टमाटरचं झाड आहे. रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या एका शाळेच्या मागच्या भिंतीला, रंगवलेली टायरं आणि फुटक्या बादल्यांच्या रांगेत, मी उलटा टांगलेला आहे. शाळेत आलेले पाहुणे मला बघून थांबतात. "वा मॅडम, क्या आइडिया है!" म्हणतात आणि मोबाइलवर माझा फोटो काढतात.

मला राग येतो. आजवर मनात ठेवला होता, आज सांगून टाकतो.

मी जालंधरच्या एका कारखान्यात तयार झालो. तिथे माझ्यासारखंच एक हेल्मेट यंत्रापुढे ठेवून त्याच्यावर जोरात चेंडू सोडला होता. त्याला तडा गेला, पण आत ठेवलेलं लाकडी डोकं जसंच्या तसं राहिलं. कारागीर खूश झाले. आमच्या जातीचं काम मला तेव्हाच कळलं. मार आपण खायचा, डोक्याला खाऊ द्यायचा नाही. एवढं सोपं काम आहे. पण माणसांनी मला तेवढं एक काम सोडून बाकी सगळी कामं दिली.

शाळेत मुलींची क्रिकेट टीम झाली तेव्हा मला विकत आणलं. एकट्यालाच. आता क्रिकेट ज्याला कळतं त्याला हे माहीत आहे की मैदानात एका वेळी दोघी बॅटिंग करतात. डोकी दोन आणि मी एक. अनिमेष सर खेळाचे मास्तर. ते म्हणाले, "जी बॉल खेळेल तिने घालायचं. रन काढला की दुसरीला द्यायचं. त्यात काय!"

त्यात काय होतं ते मी भोगलं. एक रन काढला की मी एका घामेजलेल्या डोक्यावरून दुसऱ्या घामेजलेल्या डोक्यावर जायचो. पट्टा सोडा, पट्टा बांधा. समोरच्या टीमच्या मुली कंटाळून खाली बसायच्या. शेवटी आमच्या मुलींनी एक रन काढणंच बंद केलं.

"अपर्णा, पळ नं! एक निघते!" राधिका ओरडायची.

"नको वं," अपर्णा तिथूनच म्हणायची. "पुन्हा टोप देनं-घेनं कोन करन? दोन निघत असन तं बोल."

अपर्णा आमची सलामीची फलंदाज. आठवीतली, बारकी, चेंडू नाकासमोरून गेला तरी डोळे न मिटणारी. तिचे वडील देवीदास रेल्वेत कामाला. आई शेवंता घरी शिवणकाम करायची. दोघंही मूळ भंडाऱ्याकडचे. मैदानात मुली आपसात कधी मराठी, कधी हिंदी बोलायच्या, पण चिडल्यावर अपर्णाची मराठीच निघायची.

अनिमेष सर वाईट माणूस नव्हेत. सकाळी सगळ्यांच्या आधी मैदानावर यायचे, मुलींवर कधी ओरडायचे नाहीत. त्यांचा एकच शब्द वाईट. हव. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. सरांच्या तोंडात त्याचा अर्थ 'ऐकलं' एवढाच होता.

"सर, दुसरं हेल्मेट आणाल ना?"

"हव."

"सर, या टोपचा पट्टा ढिला झाला."

"हव, हव."

मग शहरात स्कूटरवाल्यांना पोलीस अडवायला लागले. सरांकडे स्कूटर होती, पण तिचं हेल्मेट नव्हतं. त्यांनी खेळाच्या खोलीत इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना मी दिसलो.

तेव्हापासून मी सदर बाजारात फिरायला लागलो. सराफांच्या काचेत मला माझंच रूप दिसायचं. पांढरा शर्ट, स्कूटर आणि तोंडापुढे जाळी. लाजेने जीव जायचा. एकदा चौकात पोलिसाने हात केला.

"ये क्या पहने हो मास्टर?"

"हेल्मेट है साहब."

"वो तो दिख रहा है. बल्ला कहाँ छोड़ आए?"

बाजूच्या रिक्षातले लोक हसले. सरही हसले. पोलिसाने सोडून दिलं. मला मात्र हसू आलं नाही. माझ्यातून आजूबाजूचं कमी ऐकू येतं, बाजूची गाडी दिसत नाही आणि स्कूटरवरून पडताना लागणारा मार झेलायला मला बनवलेलंच नाही. पोलिसाला दाखवायला काहीतरी डोक्यावर आहे, एवढ्यावर दोघांचंही समाधान झालं.

एका दुपारी सर टीमची जर्सी आणायला सदर बाजारात गेले. जाताना मुलींना म्हणाले, "तुम्ही प्रॅक्टिस चालू ठेवा, मी आलोच." आणि मला डोक्यावर चढवून निघाले.

परत आलो तेव्हा मैदानात खेळ चालू नव्हता. नळाजवळ सगळ्या घोळका करून उभ्या होत्या. अपर्णा खाली बसली होती आणि राधिकाने तिच्या भुवईवर ओढणी दाबून धरली होती. ओढणी लाल झाली होती. राधिका रडत होती, अपर्णा नव्हती. तिने मान वर करून सरांकडे पाहिलं. खरं म्हणजे सरांकडे नाही, त्यांच्या डोक्यावर पाहिलं. मी अजून तिथेच होतो. पट्टासुद्धा नीट बांधलेला.

टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागलं असतं तर डोळा गेला असता.

दुसऱ्या दिवशी देवीदास आणि शेवंता शाळेत आले. देवीदास खाली मान घालून बोलले, "सर, पोरीले टोप देत जा नं."

"हव, हव, नक्की."

शेवंताला हे पुरलं नाही. "काय हव? माह्या पोरीचा डोळा गेला असता तं तुमी कुठून आनून देल्ला असता? बाजारातून?"

शेवंता मुलीकडे वळली. "आन तू आयक. डोक्शावर टोप नसन तं मैदानात पाय ठेवाचा नाही. कबूल?"

"कबूल," अपर्णा म्हणाली.

मला वाटलं, आता तरी आपले दिवस पालटले. सर खरोखरच त्या आठवड्यात दुकानात गेले आणि नवं हेल्मेट घेऊन आले. काळं, चकचकीत, समोर काच असलेलं. स्वतःसाठी, स्कूटरचं. मला त्यांनी खेळाच्या खोलीत कोपऱ्यात टाकलं. ढिला पट्टा तोवर तुटला होता, तो तुटलेलाच राहिला.

तेवढ्यात शाळेत बागेचं वारं आलं. प्रत्येक शाळेने भाजीची बाग करायची, तीही कबाड़ से जुगाड़ करून, म्हणजे टाकाऊ वस्तू वापरून. पाहणीला साहेब येणार होते. लता मॅडम जीव तोडून कामाला लागल्या. त्यांना बागेची खरीच हौस. मुलींना बी कसं पेरायचं, पाणी किती द्यायचं, हे प्रेमाने शिकवायच्या. कुंड्या शोधत त्या खेळाच्या खोलीत आल्या आणि मला उचललं.

"सर, ये टोपा काम का है क्या? ले जाऊँ?"

सर मोबाइलवर बोलत होते. "हव," ते म्हणाले.

माझं नशीब त्या एका शब्दावर ठरलं. माझ्या आतली मऊ गादी उपटून काढली. मला पिवळा रंग दिला, त्यावर निळी फुलं काढली. मग पाणी निथळावं म्हणून सळई तापवली आणि माझ्या माथ्यातून आरपार घातली. जिथे चेंडूचा मार झेलायचा, नेमकं तिथे. चर्र आवाज झाला, वास सुटला आणि भोकाच्या दोन बाजूंना बारीक तडे गेले. नंतर माती भरून त्यात टमाटरचं रोप लावलं.

टमाटरवर माझा राग नाही. ते बिचारं मुकाट्याने वाढलं, माझ्या जाळीतून बाहेर डोकावलं, त्याला पिवळी फुलं आली. मला एवढंच विचारायचं आहे की रोपाला ठेवायला शाळेत दुसरी जागा नव्हती का? फुटक्या बादल्या काय कमी होत्या?

मग निवडीचा दिवस आला. नवा रायपूरच्या मैदानावर दोन शाळांचा सामना ठेवला होता आणि त्यातून जिल्ह्याच्या टीमसाठी मुली घेणार होते. अपर्णाची जखम भरली होती. सकाळी तिने विचारलं, "सर, हेल्मेट?"

"हव, ठेवलं आहे."

ती खोलीत गेली, पेट्या उघडल्या, कपाटामागे पाहिलं. मग शाळाभर शोधत ती मागच्या भिंतीपाशी आली. पिवळा रंग बघून आधी तिने मला ओळखलं नाही. मग जाळी ओळखली. तिथेच कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरे वा," ती मला म्हणाली. "तू इथी भाजी लावून राहिला."

तिने टमाटर मुळांसकट अलगद काढून बादलीत ठेवलं. मला नळाखाली धुतलं. धुताना तिचं बोट माझ्या माथ्यातून आरपार गेलं. आधी तिला हसू आलं. मग ते बोट तिने तसंच धरून ठेवलं आणि तिचा चेहरा बदलला.

सरांनी पाहिलं. "एवढंसं तर भोक आहे," ते म्हणाले. खोक्यांना लावतात ती खाकी चिकटपट्टी त्यांनी माझ्या माथ्यावर आडवीउभी लावली, जाळीला सुतळी बांधून पट्टा केला. "बघ, एकदम फिट!"

नवा रायपूरला जाणाऱ्या बसची वाट बघून कंटाळल्यावर सरांनी सामान वाहायचा एक टेम्पो ठरवला. ते ड्रायव्हरजवळ बसले आणि सगळी टीम मागे उभी. रस्ते तिकडे मोठे आणि मोकळे, त्यामुळे टेम्पोही सुसाट. वळण आलं की मुली एकमेकींवर पडायच्या. मी अपर्णाच्या कुशीत होतो. तिचा अंगठा सारखा चिकटपट्टीवरून फिरत होता.

"नको घालू वं हे," राधिका म्हणाली.

"मंग काय करू? आईले कबूल केलं हाय. बिना टोपचं नाही खेळनार."

राधिकाने चिकटपट्टीवर टिचकी मारली.

"हे टोप हाय का कुंडी?"

दोघी हसल्या. मग अपर्णाचा अंगठा परत चिकटपट्टीवर गेला. खेळली नाही तर निवड नाही, आणि खेळायचं तर मला घालून. मला बोलता आलं असतं तर मी तिथेच ओरडलो असतो, पोरी, मला घालू नकोस! काही नसलेलं बरं. नसलं तर माणूस जपून तरी खेळतो. माझ्यावर विसंबून ती चेंडूसमोर डोकं देईल, आणि माझ्या माथ्यावर फक्त चिकटपट्टी आहे.

आमची बॅटिंग पहिली. अपर्णा मैदानात गेली, पण मी तिच्या हातात होतो. पंच होत्या सरिता मॅडम.

"पहन लो बेटा, शुरू करें."

अपर्णाने मला घातलं नाही. तिने चिकटपट्टी ओढून काढली आणि मला पुढे धरलं. जाळीतून थोडी माती पडली.

"मैडम, इसमें उंगली डालिए."

सरिता मॅडमनी बोट घातलं. ते आत निघालं. समोरच्या टीमची कप्तान, मीनल, जोरात हसली. "गमला पहन के आई है रे!" कुंडी घालून आलेली मुलगी बघून सगळं मैदान हसायला लागलं. अपर्णाचे कान लाल झाले.

सर धावत आले. "छोटा सा होल है मैडम, चल जाता है."

अपर्णा त्यांच्याकडे वळली. आजवर ती सरांना कधी उलटून बोलली नव्हती. तिने मला त्यांच्यापुढे धरलं.

"चालते तं तुम्ही घाला सर. मी बॉल टाकते."

सरांनी तोंड उघडलं. 'हव' ओठांपर्यंत आलेला मी पाहिला. पण तो बाहेर पडला नाही. त्यांची नजर तिच्या भुवईवरच्या खुणेवर गेली आणि खाली वळली.

"बिना हेल्मेट के मैं खेलने नहीं दूँगी," सरिता मॅडम म्हणाल्या. "और ये हेल्मेट नहीं है."

त्यांचं हे बोलणं मला जिव्हारी लागलं. पण ते खरं होतं.

मग मीनलच पळत गेली आणि आपल्या टीमच्या बॅगेतून दोन हेल्मेट घेऊन आली. "ले, मेरा पहन. पीछे से कसना पड़ता है. दूसरा उसको दे दे." आणि जाता जाता म्हणाली, "आउट तो मैं ही करूँगी, गमलेवाली."

मला सीमेबाहेर गवतात ठेवलं होतं. तिथून नीट दिसत नव्हतं. बॅटचा आवाज आला आणि त्यामागून अपर्णाची हाक आली, "राधिका, एक! पळ, एक!" दोघी पळाल्या. कुणालाही टोप सोडून द्यावा लागला नाही. असा साधा एक रन मी पहिल्यांदाच ऐकला.

सामना आम्ही हरलो. अपर्णाची निवड झाली. जिल्ह्याच्या सरांनी सांगितलं, प्रत्येकीने आपलं हेल्मेट आणायचं.

शाळेत परतल्यावर अपर्णा मला घेऊन मागच्या भिंतीपाशी आली. मला वाटलं, फेकून देईल. तिने बादलीतलं टमाटर उचललं आणि परत माझ्यात लावलं, माती घट्ट दाबली.

"आता तुले कोनी कोन्याच पोरीच्या डोक्शावर नाही घालनार," ती म्हणाली.

तर मी आता इथे आहे. टमाटर धरली आहेत, अजून हिरवी आहेत. खेळाच्या खोलीत नवं हेल्मेट आलेलं नाही. काल देवीदास पुन्हा आले होते, तेच विचारायला. सर काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे.

मी माझ्यासाठी काही मागत नाही. मला धुऊ नका, रंगवू नका, माझं भोक बुजवू नका. माझं काम संपलं. फक्त जे मोठे लोक इथे येऊन माझा फोटो काढतात त्यांनी परत जाताना एकदा खेळाच्या खोलीत डोकवावं. तिथे दोन हेल्मेट लागतात, एक नाही. म्हणजे मुलींना एक रन काढता येईल.

आणि कृपा करून हव म्हणू नका. आणा.