खाल्ल्या मिठाला

माझा नवरा जेवताना पिस्तूल ताटाशेजारी ठेवायचा. मीठ कमी लागलं की मेला तोंडाने बोलायचा नाही, नुसती नळी माझ्याकडे वळवायचा. आज सकाळी सासूबाईंनीच पोलिसांना बोलावलं. ते त्याला पिस्तुलासकट घेऊन गेले.

दुपारी आम्ही दोघी जेवायला बसलो. पहिल्याच घासाला त्या म्हणाल्या, "मीठ कमी आहे गं."

माझा घास हातातच राहिला. मग ताटाशेजारची मोकळी जागा दिसली. मी मिठाची बरणी नेमकी तिथेच आदळली. "हात मोडलेत का? घ्या की घालून!"

सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या.

मी विचारलं, "पोटच्या पोराला पकडून दिलंत?"

"सहा वर्षं तुझ्या हातचं जेवतेय. खाल्ल्या मिठाला जागायला नको? कमी असलं म्हणून काय झालं!"